विधेयकाची पारख : दानीएलाच्या सहाव्या अध्यायावरून एक अभ्यास

मुख्य शास्त्रभाग : दानीएल ६:१-२८
सहायक वाचन : गणना २७:१-११, नीतिसूत्रे १८:१३, १७, यशया १०:१-२, निर्गम २०:१६

विधानसभेत एखादे विधेयक आल्याची बातमी कानी पडली की आपल्या मंडळ्यांत दोन प्रकारची माणसे दिसतात. काही जण म्हणतात, "राज्यकारभाराशी आपल्याला काय करायचे? आपण प्रार्थना करावी म्हणजे झाले." दुसरे तेवढ्याच घाईने म्हणतात, "आता आपले काही खरे नाही," आणि ऐकलेली गोष्ट चार घरी सांगून येतात. दोघांच्या स्वभावात पुष्कळ अंतर असले तरी एका बाबतीत ते सारखेच आहेत. विधेयक दोघांनीही वाचलेले नसते. ऐकून घेण्यापूर्वीच उत्तर देणाऱ्याला नीतिसूत्रकार मूर्ख म्हणतो. तेव्हा विधेयक कसे वाचावे आणि त्याची पारख कशी करावी, हे या पाठात पाहू.

१. विधेयक म्हणजे अजून कायदा नव्हे

विधेयक हा कायद्याचा मसुदा होय. तो सभागृहात मांडला जातो, मग त्यावर कलमवार विचार होतो, कलमांना दुरुस्त्या सुचवल्या जातात आणि शेवटी तो संमत होतो. मधल्या टप्प्यात सभागृह तो समितीकडे सोपवू शकते. कर्नाटक, महाराष्ट्र व तेलंगण येथे विधानपरिषदही आहे. मध्यप्रदेश, गुजरात व गोवा येथे एकच सभागृह आहे. त्यानंतर विधेयक राज्यपालांपुढे जाते. घटनेच्या २०० व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यपाल त्यास संमती देतात, संमती रोखून ठेवतात, धन विधेयक नसल्यास पुनर्विचारासाठी परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. अधिवेशन चालू नसताना राज्यपाल वटहुकूम काढू शकतात. पण सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांनंतर तो टिकत नाही.

या प्रत्येक टप्प्यावर एक दार असते. विधेयक आले म्हणजे सर्व संपले असे मानणारा मनुष्य उघडी दारे पाहतच नाही. आणि संमत झाल्यावरच जागा होणारा मनुष्य पहिली दारे बंद झाल्यावर पोहोचतो.

२. दारयावेशापुढचे विधेयक

दानीएलाचा सहावा अध्याय आपण सिंहांच्या गुहेसाठी वाचतो. या वेळी पहिली नऊ वचने सावकाश वाचावी. न वाचता, न तपासता मंजूर झालेल्या एका कायद्याची ती हकिगत आहे.

अध्यक्ष व प्रांताधिकारी राजाकडे येतात आणि सर्वांनी मिळून हा विचार केला आहे असे सांगतात. हे खरे नव्हते. तीन अध्यक्षांपैकी एक दानीएल होता आणि त्याला कोणी विचारले नव्हते. कायद्याचा वरवरचा उद्देश राजाचा सन्मान. खरा उद्देश एका देवभिरू माणसाला पकडणे. मुदत अवघी तीस दिवसांची, म्हणून राजाला तो किरकोळ वाटला असावा. शिक्षा मात्र सिंहांची गुहा. आणि एकदा सही झाल्यावर मेदी व पारसी यांच्या रिवाजाप्रमाणे तो बदलता येणार नाही, अशी तजवीज. राजाने सही केली. पुढे सूर्य मावळेपर्यंत तो दानीएलाला सोडवण्याची खटपट करीत राहिला, पण स्वतःच्याच सहीपुढे त्याचे काही चालले नाही. दारयावेश दुष्ट नव्हता. त्याने प्रश्न विचारले नाहीत, एवढाच त्याचा अपराध. पण तेवढ्यामुळे एका निरपराध्याला गुहेत जावे लागले.

३. विचारावयाचे पाच प्रश्न

या अध्यायातून आम्ही पाच प्रश्न घेतो आणि एका खऱ्या विधेयकाला लावून पाहतो. कर्नाटक धार्मिक स्वातंत्र्य हक्क संरक्षण विधेयक आपल्या बेळगावच्या बांधवांच्या दारातच, तेथील सुवर्ण विधानसौधात, २१ डिसेंबर २०२१ रोजी मांडले गेले. २३ डिसेंबरला विधानसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले.

पहिला प्रश्न : कोणाला विचारले, आणि किती वेळ दिला? मांडण्यापासून संमत होण्यापर्यंत दोन दिवस गेले. एवढ्या वेळात सामान्य नागरिकाला कलमे मिळवून वाचणेही कठीण. घाईत केलेला प्रत्येक कायदा वाईट असतो असे नाही. पण जेथे घाई तेथे अधिक बारकाईने पाहावे.

दुसरा प्रश्न : उद्देश एक आणि कलमे दुसरी असे तर नाही ना? प्रत्येक विधेयकाला उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडलेले असते. ते वाचावे, पण तेथेच थांबू नये. न्यायालयात चालतात ती कलमे. या विधेयकाचा उद्देश जबरदस्ती, फसवणूक व आमिष यांना आळा घालणे हा होता. यावर ख्रिस्ती मनुष्याने हरकत घेऊ नये. लज्जास्पद गुप्त मार्ग आपण सोडून दिले आहेत असे पौल करिंथच्या मंडळीला लिहितो (२ करिंथ ४:२). तांदळाच्या पोत्यासाठी घेतलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, हे आपणच प्रथम म्हटले पाहिजे.

तिसरा प्रश्न : शब्दांच्या व्याख्या कशा केल्या आहेत? विधेयकाचे सुरुवातीचे व्याख्यांचे कलम बहुतेक लोक ओलांडून पुढे जातात, आणि खरी मेख तेथेच असते. या विधेयकात आमिष या शब्दात पैसा व भेटवस्तू होत्याच, शिवाय धार्मिक संस्थेच्या शाळा-महाविद्यालयातील मोफत शिक्षण, नोकरी, चांगल्या राहणीमानाचे वचन व दैवी कोप यांचाही समावेश होता. आता विचार करा. गरीब मुलाची फी माफ करणारी मिशनची शाळा आमिष दाखवते काय? पापाच्या परिणामाविषयी प्रवचन करणारा पाळक दैवी कोपाची भीती घालतो काय? सामूहिक धर्मांतर म्हणजे दोन किंवा अधिक व्यक्तींचे धर्मांतर, अशीही व्याख्या होती. म्हणजे एक पतिपत्नी झाले की समूह झाला, आणि त्यासाठी तीन ते दहा वर्षे कैद व एक लाख रुपये दंड.

चौथा प्रश्न : भार कोणावर पडतो? तक्रार कोण करू शकतो, चौकशी कोण करतो, शाबिती कोणी द्यायची, हे पाहावे. या विधेयकाप्रमाणे आईबाप, भावंडे, रक्ताचे वा विवाहाने जोडलेले नातलग, इतकेच नव्हे तर सहकारीही तक्रार करू शकत होता. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचे, आणि ती सूचना फलकावर लावून हरकती मागवायच्या. आणि धर्मांतर बेकायदा नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. तालुक्याच्या गावी मोलमजुरी करणाऱ्या एकट्या बाईचे नाव महिनाभर फलकावर राहिले तर तिच्यावर काय प्रसंग येईल, हे डोळ्यांपुढे आणावे. अन्यायाचे नियम लिहून विधवांना लुटणाऱ्यांना यशया धिक्कारतो, तो भार दुबळ्यांवर पडतो म्हणूनच.

पाचवा प्रश्न : माप सर्वांना एकच आहे काय? देशात जन्मलेल्याला व परक्याला एकच नियम असावा असे मोशेच्या नियमशास्त्रात आहे (निर्गम १२:४९). या विधेयकात, लगतच्या पूर्वीच्या धर्मात परत जाणे हे धर्मांतर समजू नये, अशी तरतूद होती. तेव्हा एका दिशेने जाणाऱ्याला फलक व हरकती, आणि उलट दिशेने येणाऱ्याला काहीच नाही. हे माप एक नव्हे.

४. खोटी साक्ष देऊ नये

नववी आज्ञा विधेयकालाही लागू आहे. त्यात नसलेले कलम आहे म्हणून सांगणे ही खोटी साक्ष होय, मग ती सरकारविरुद्ध असली तरी. "आता प्रार्थनासभेवर बंदी येणार" असे या विधेयकाबद्दल बोलणे बरोबर नव्हते. तसे त्यात लिहिलेले नव्हते. अतिशयोक्तीने भरलेल्या अर्जातील एक चूक विरोधकाने दाखवली की त्यातील दहा खऱ्या हरकतीही कोणी वाचत नाही.

आपल्याला गैरसोयीचे सत्यही सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात मध्यप्रदेशचा १९६८ चा व ओरिसाचा १९६७ चा कायदा वैध ठरवला. धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून असे प्रत्येक विधेयक आपोआप घटनाबाह्य ठरते असे म्हणून चालत नाही. हरकत कोणत्या कलमाला व का, हे दाखवता आले पाहिजे. पहिल्या बाजूचे म्हणणे खरे वाटते, पण दुसरा येऊन त्याची तपासणी करतो, हे नीतिसूत्राचे शहाणपण आपल्या बाजूलाही लागू पडते.

५. केवळ आपल्यापुरते नव्हे

धर्मांतराचे विधेयक आले की आपण जागे होतो. जमिनीचे, मजुरीचे, घरभाड्याचे आले की झोपतो. हे बरे नव्हे. मुक्याच्या वतीने तोंड उघडावे, ही नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील आज्ञा सर्व मुक्यांसाठी आहे.

गोवा विधानसभेने ३० जुलै २०२१ रोजी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक संमत केले. तीस वर्षे गोव्यात राहणाऱ्याला २५० चौरस मीटरपर्यंतच्या आपल्या घराची मालकी मिळवून देण्याची त्यात तरतूद होती. कागदपत्रांवाचून राहणाऱ्या गरिबाला हे वरदानच वाटावे. पण ज्याची जमीन आहे त्याचे काय, असा प्रश्न पुढे आला, आणि आदिवासी समाजाने 'भूमिपुत्र' या शब्दालाच हरकत घेतली. लोकांचा रोष पाहून सरकारने तो शब्द गाळण्याचे जाहीर केले आणि पुढे विधेयक राज्यपालांकडे पाठवणार नसल्याचे सांगितले. अशा विधेयकात दोन गरिबांचे हित एकमेकांसमोर उभे राहते. तेथे घोषणा उपयोगाच्या नाहीत. दोघांचेही ऐकावे लागते. सलाफहादाच्या मुली वारशाची तक्रार घेऊन आल्या तेव्हा मोशेने त्यांना परत पाठवले नाही. त्याने ती परमेश्वरापुढे ठेवली, आणि नियमात भर पडली.

६. मंडळीने काय करावे

प्रथम, विधेयकाची प्रत मिळवावी. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळ्यांत ती कानडी, हिंदी, गुजराती किंवा इंग्रजीत येते. तरुण संघातील ज्या मुलामुलींचे शिक्षण त्या भाषेत झाले आहे त्यांनी ती वडिलांना वाचून दाखवून मराठीत समजावून सांगावी. मंडळीत वकील असल्यास त्यांना बसवून घ्यावे.

दुसरे, हरकत कलमाच्या क्रमांकासह लिहावी आणि त्या जागी काय असावे हेही सुचवावे. ती आपल्या आमदारांना विधेयक संमत होण्यापूर्वी द्यावी, आणि समिती नेमली असल्यास समितीला. महाराष्ट्रात विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा १२,००० हून अधिक सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते काही बदलांसह संमत झाले. सर्वांचे समाधान झाले असे नाही. पण दार उघडे होते आणि लोक त्यातून आत गेले.

तिसरे, पुढची दारे विसरू नयेत. गुजरात विधानसभेने २००६ साली धर्मस्वातंत्र्य कायद्याची दुरुस्ती संमत केली. तीत जैन व बौद्ध यांना हिंदूंचे पंथ गणले होते. राज्यपाल नवलकिशोर शर्मा यांनी २००७ मध्ये ती परत पाठवली आणि २००८ मध्ये ती मागे घेतली गेली. न्यायालयाचे दारही आहे. कैसराकडे दाद मागताना पौलाला विश्वास कमी पडल्यासारखे वाटले नाही. कर्नाटकाचे विधेयक मे २०२२ मध्ये वटहुकूम होऊन, सप्टेंबरात परिषदेत संमत होऊन कायदा झाले. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरवले. पण मंत्रिमंडळाने ठरवणे म्हणजे कायदा रद्द होणे नव्हे. रद्द करण्यासाठीही विधेयकच लागते, आणि तेही वाचावेच लागते.

चौथे, व्यासपीठावरून कोणत्याही पक्षाचा प्रचार करू नये. सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा (१ तीमथ्य २:१-२) आपल्या मताच्या आमदारापुरती नाही.

दानीएलाने सही झाल्याचे कळल्यावर खिडक्या बंद केल्या नाहीत आणि राजाविरुद्ध कटही केला नाही. नेहमीप्रमाणे गुडघे टेकले, आणि गुहेतून बाहेर येताना राजाशी आदरानेच बोलला. त्याला विधेयकाविषयी बोलायची संधीच मिळाली नव्हती. आपल्याला ती आहे. देवाने दिलेली संधी न वापरता नुसती गुहेतून सोडवण्याची प्रार्थना करणे हे दानीएलाचे अनुकरण नव्हे.

चर्चेसाठी प्रश्न

१. दारयावेशाने सही करण्यापूर्वी कोणते तीन प्रश्न विचारायला हवे होते?
२. आपल्या राज्याच्या विधानसभेत गेल्या वर्षी आलेले एक विधेयक निवडा. त्याच्या व्याख्यांच्या कलमातील कोणता शब्द तुम्हांला फार व्यापक वाटतो?
३. आपल्याला लाभ देणारे पण शेजाऱ्यावर अन्याय करणारे विधेयक आले तर मंडळीने काय करावे? गणना २७ व ३६ हे अध्याय मिळून वाचा.
४. आमिषाविषयी कायदा काय म्हणतो हे बाजूला ठेवून, सुवार्ता काय म्हणते? आपल्या मंडळीच्या मदतकार्याकडे त्या दृष्टीने पाहा.