'हवाला' आणि 'हौल' : दोन्ही एकाच घरातले

व्यापारी बंधूंनो, जवळा बाजारात आमच्या कापड दुकानी 'हवाला' म्हटले की ऐकणारा दचकतो. वास्तविक हा फिकहमधील सरळ शब्द आहे.

बडी हे, वाव, लाम हा त्याचा माद्दा, म्हणजे मूळ धातू. अर्थ : बदलणे, फिरणे. त्यापासून 'हाल' म्हणजे स्थिती. तिचे अनेकवचन 'अहवाल'. मराठीने त्याला लेखी माहितीचा अर्थ दिला. 'हवाली करणे', 'हवालदार' हेही याच घरातले. 'हीला' म्हणजे युक्ती. म्हणून उधारी टाळणारा 'हीला-हवाला' करतो. 'हवालदिल' मात्र परका आहे. त्यातला 'हौल' म्हणजे भय, आणि तो छोट्या 'हे'ने लिहितात. मराठीत दोन्हींना एकच 'ह', म्हणून घोटाळा होतो.

हवाला : एकाचे देणे दुसऱ्याच्या अंगावर फिरवणे. देणेकरी 'मुहील', घेणेकरी 'मुहताल', आणि जो फेडणार तो 'मुहाल अलैह'. हनफी मतानुसार तिघांची संमती हवी. हवाला झाला की पहिला देणेकरी मोकळा होतो. पण तिसरा नादार मरण पावला, किंवा साक्षीपुराव्याअभावी शपथेवर नाकबूल झाला, तर घेणे पहिल्याकडे परत येते. विनापरवाना परदेशी पैसा पाठवणे ही गोष्ट वेगळी. ती १९९९ च्या फेमा कायद्याने मना आहे.

आम्ही स्वतः ठेच खाल्ली. एका व्यापाऱ्याने "अमक्याकडून घ्या" म्हटले, आम्ही मान डोलावली. तो अमका म्हणाला, "मला कोणी विचारलेच नाही." पहिला म्हणे, "मी तर हवाला दिला." दोन हंगाम पैसे अडकले. चूक आमचीच. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असे कुरआनने सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत सांगितले असता आम्ही चिठ्ठीसुद्धा घेतली नव्हती.

हौल : बड्या 'हे'चा हौल म्हणजे फिरून आलेले वर्ष. निसाबाइतक्या मालावर हौल पूर्ण झाला की अडीच टक्के जकात. हे वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. आपण वह्या ३१ मार्चला मिटवतो आणि त्यावरच जकात काढतो. दरसाल अकरा दिवस मागे पडतात. सुमारे ३३ वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात बुडते. म्हणून हिजरी तारीख ठरवून त्या दिवशी मालाची मोजदाद करावी. ते जमतच नसेल तर सौर वर्षाला सुमारे २.५८ टक्के धरावेत, असे आजचे अनेक जाणकार सांगतात.

तेव्हा बंधूंनो, आज दोन कामे करा : तोंडी हवाले कागदावर आणा, आणि वहीच्या पहिल्या पानावर हौलाची तारीख लिहा.