गल्ल्यावरचा ‘कबीर’ : भाव सांगताना आवाज का बसतो?



व्हिडिओत आपण मालाची किंमत कशी काढायची ते शिकलो. आता तीच किंमत गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची कशी, ते बघू. उदाहरणाला एक मराठी सिनेमा घेऊ.

विशाल देवरुखकर यांचा ‘बॉईज’ २०१७ साली आला. कबीर हा अबोल, स्वतःच्या कोशात राहणारा मुलगा बोर्डिंग शाळेत येतो. तिथे त्याला धैर्या आणि ढुंग्या हे दोन बिनधास्त पोरं भेटतात. दंगा, टवाळी, फजिती होत होत कबीर मोकळा होतो. ही तिकडी लोकांना इतकी आवडली की २०१८, २०२२ आणि २०२३ मध्ये पुढचे भाग आले.

वर्गात कबीर गप्प बसला तर चालतं. गल्ल्यावर बसलेला कबीर मात्र महागात पडतो. हिशोब करा. समजा, टी-शर्टची खरेदी ३४० आणि भाव ४५०, म्हणजे सुटतात ११०. गिऱ्हाईक म्हणालं, “जास्त सांगताय,” आणि तुम्ही घाबरून ३८० ला दिला. उरले ४०. एका नगावर ७० रुपये गेले. दिवसाला असे ५ नग, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ९,१०० रुपये. छोट्या गाळ्याचं भाडं यात निघू शकतं!

मग काय करायचं?

१. आधी सराव, मग आत्मविश्वास. ढुंग्या झालेला पार्थ भालेराव पडद्यावर किती सहज वाटतो! पण त्याआधी त्याने ‘भूतनाथ रिटर्न्स’ आणि ‘किल्ला’मध्ये काम केलं होतं. सहजपणाच्या मागे सराव असतो.

२. जोडीदार शोधा. कबीर एकटा बदलला नाही, सोबत दोघं होते. मित्राला किंवा घरच्यांना गिऱ्हाईक बनवा. त्यांनी घासाघीस करायची, तुम्ही भाव सांगायचा. रोज १० वेळा.

३. थापा नकोत. पोरांची फेकाफेकी सिनेमात हसवते, दुकानात तिने गिऱ्हाईक तुटतं. प्रत्येक वस्तूच्या तीन खऱ्या गोष्टी पाठ ठेवा : कापड कोणतं, धुतल्यावर काय होतं, बदलून मिळेल का. सांगायला काही असलं की आवाज आपोआप सुटतो.

आणि एक आकडा आधीच वहीत लिहा : याच्या खाली द्यायचं नाही. मग ऐन वेळी गडबड होत नाही.

गृहपाठ : नाशिककरांनी येत्या बुधवारी गोदाकाठच्या बाजारात अर्धा तास उभं राहावं. बाकीच्यांनी आपल्या गावचा आठवडे बाजार गाठावा. भाजीवाल्या मावशी भाव कसा सांगतात, “महाग आहे” म्हटल्यावर काय उत्तर देतात, ते ऐका. तीन वाक्यं टिपून आणा आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गल्ल्यावर वापरून बघा.

भेटू पुढच्या धड्यात. धंदा करा, आणि भाव ठणकावून सांगा!