कुत्र्याचा गुडघा दुखावल्यास

कुत्रा अचानक मागचा पाय उचलून लंगडू लागल्यास आधी पंजात काटा नाही ना, हे पाहावे. नसल्यास गुडघ्यातील अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, तुटलेले असू शकते. पशुवैद्यकांकडून तपासणी करून घ्यावी. मोठ्या कुत्र्यांना बहुधा शस्त्रक्रिया लागते. 15 किलोंच्या आतील कुत्री काही वेळा विश्रांतीनेही सुधारतात. दोन्ही बाबतींत साधारण 8 ते 12 आठवडे धावणे, उड्या व जिने बंद ठेवावेत. पशुवैद्यकांनी सांगितल्यावर पट्ट्याला धरून सावकाश पाच-दहा मिनिटे फिरवावे. गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरावे. वजन वाढू देऊ नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. लंगडणे थांबले म्हणजे गुडघा बरा झाला, असे समजू नये. याच समजुतीने कुत्रा लवकर मोकळा सोडला जातो आणि दुखणे उलटते.