आगीचा विमा आणि पाण्याची रेघ

“सही करायच्या आधी वाचायचं असतं, एवढंही तुम्हाला कळू नये?” असा प्रश्न आमच्या मेहुण्यांनी ऑगस्ट २००५ मध्ये, माझ्याच घरी, माझ्याच बायकोच्या हातचे थालीपीठ खाता खाता मला विचारला, आणि तेव्हापासून तोच प्रश्न निरनिराळ्या तोंडून इतक्या वेळा ऐकावा लागला आहे की, एकदाची आपली कैफियत लेखी मांडून मोकळे व्हावे, आणि ती मांडता मांडता दुसऱ्या कुणाच्या पदरी चार उपयोगाच्या गोष्टी पडल्या तर पडू द्याव्यात, असे मी ठरविले आहे. विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःची पॉलिसी पहिल्या पानापलीकडे वाचली आहे, हे मी तेव्हा उलट विचारले नाही. ते येथे विचारून ठेवतो.

माझा छापखाना कांजूरमार्ग पश्चिमेस, लालबहादूर शास्त्री मार्गापासून थोडा आत, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीच्या तळमजल्यावरील गाळ्यात होता. झेक बनावटीचे, दुसऱ्या हाताने घेतलेले डॉमिनंट ऑफसेट यंत्र, एक ट्रेडल, एक कटिंग मशीन, आणि भिंतीलगत कागदाच्या रिमांच्या थप्प्या, एवढा माझा संसार. जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे गणेशोत्सव मंडळांच्या पावतीपुस्तकांचा हंगाम. त्या साली चतुर्थी ७ सप्टेंबरची असल्याने सात मंडळांची पुस्तके छापून, नंबर मारून, शिलाईसाठी रचून ठेवलेली होती.

२६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुराचा विषय निघाला की सर्व विद्वान मिठी नदीवर बोलू लागतात. मिठीविषयी माझे काही म्हणणे नाही. परंतु ती विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून पश्चिमेकडे माहीमच्या खाडीला जाते, आणि कांजूरच्या पाण्याशी तिचा सुतराम संबंध नाही. आमचे पाणी पवई-विक्रोळीच्या डोंगरउतारावरून खाली येते, शास्त्री मार्ग ओलांडते, रेल्वेच्या बांधाखालील मोऱ्यांतून पलीकडे जाते, द्रुतगती महामार्ग पार करून मिठागरांत पसरते आणि तेथून ठाण्याच्या खाडीला मिळते. म्हणजे वाटेत एवढे अडसर आणि शेवटी दार उघडणे-न उघडणे खाडीच्या मर्जीवर. त्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास खाडीला साडेचार मीटरच्या जवळपास भरती होती, आणि शहराची पावसाळी गटारे मुळात ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने, तेही ओहोटी असताना, बांधलेली. ही क्षमता दुप्पट करावी असे सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ साली सादर झालेला होता. (पुढे २०२० साली याच मिठागरांच्या जमिनीवर मेट्रोची कारशेड व्हावी की न व्हावी, यावरून राज्य आणि केंद्र यांचा तंटा उच्च न्यायालयात गेला. जमीन कोणाची याचा ऊहापोह पुष्कळ झाला. दर पावसाळ्यात त्या जमिनीवर येऊन टेकणाऱ्या पाण्याची बाजू मात्र माझ्या कानी फारशी आली नाही.)

त्या रात्रीचे वर्णन करीत बसत नाही. ज्यांनी ती काढली त्यांना ते नको आहे, आणि ज्यांनी काढली नाही त्यांना ते पटत नाही. एकच गोष्ट सांगतो. आम्ही तिघे, मी, मशीनमन आणि बाइंडिंगचा पोरगा, शटरपाशी गोणपाट आणि फळ्या लावून पाणी अडविण्याच्या खटपटीत होतो, पुढच्या दारावर सगळे लक्ष, आणि पाणी आले ते मागून, हात धुण्याच्या मोरीतून आणि संडासातून. काळे, उलटे आलेले, खदखदणारे पाणी. अर्ध्या तासात ते गुडघ्यापर्यंत चढले आणि आम्ही पोटमाळ्यावर गेलो. अंधारात ऐकू येत होते ते आवाज मी अजून विसरलो नाही: भिजलेला कागद फुगतो, आणि त्याच्या फुगण्याला इतका जोर असतो की रिमांवरच्या पट्ट्या तटातट तुटतात व आख्खी थप्पी कुशीवर कलंडते. एकेक थप्पी पडली की मशीनमन मोजीत असे. अकराव्या थप्पीनंतर त्याने मोजणे थांबविले. सकाळी भिंतीवर पाण्याची रेघ होती साडेतीन फुटांवर.

तरीही मी खचलो नव्हतो, हे मेहुण्यांनी ध्यानात घ्यावे. माझा विमा होता. दरवर्षी एप्रिलात, एकही वर्ष न चुकता, मी हप्ता भरीत आलो होतो. शुक्रवारी रात्री घरी मेणबत्तीच्या उजेडात, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पॉलिसी मी काढली, ती केवळ तिचा क्रमांक अर्जावर लिहिण्याकरिता. क्रमांक पहिल्या पानावर मिळाला. शेवटच्या पानाला, टाचणीने जोडलेला, टंकलिखित इंग्रजी मजकुराचा एक कपटा होता, आणि त्याचा भावार्थ असा होता की, विमेदाराच्या विनंतीवरून वादळ, तुफान, महापूर आणि जलप्लावन या जोखमी या पॉलिसीतून वगळण्यात आल्या असून त्यापोटी हप्त्यात सूट देण्यात आली आहे. मी तो तीनदा वाचला. ‘विमेदाराच्या विनंतीवरून’ या शब्दांपाशी प्रत्येक वेळी थांबलो, कारण विमेदार मीच होतो, आणि अशी विनंती मी केल्याचे मला स्मरत नव्हते. बायको म्हणाली, “अहो, झोपा आता.” मी सुटीची रक्कम पाहत होतो. सहाशे चाळीस रुपये.

ज्याला आपण सारे ‘आगीचा विमा’ म्हणतो, त्याचे नाव आगीवरून पडले असले तरी त्या काळच्या त्या विहित पॉलिसीत आगीबरोबर वीज, स्फोट, दंगल, महापूर अशा पुष्कळ जोखमी एकत्र बांधलेल्या असत, आणि त्यांतली पुराची गाठ सोडवून घेऊन हप्ता कमी करण्याची मुभा नियमांतच होती. म्हणजे माझ्या बाबतीत बेकायदा असे काही घडले नव्हते. हे समजल्यावर माझा संताप कमी व्हायला हवा होता, तो वाढला.

आमचा एजंट आमच्याच आळीतला, मुलाच्या मुंजीला जेवून गेलेला. दोन दिवस त्याचा फोन लागेना. सबब खरी होती, कारण कुणाचाच लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी लागला, आणि मग तो लागूनही तीन दिवस कुणी उचलला नाही. शेवटी मी त्याच्या घरी जाऊन उभा राहिलो तेव्हा तो गॅलरीत गाद्या वाळवीत होता. त्याने मला बसा म्हटले नाही. “काका, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, हप्ता जरा कमी करता येतो का बघ.” हे मी म्हणालो होतो, नाकारीत नाही, कोण म्हणत नाही? “आणि मी तुम्हाला विचारलं होतं, काका. म्हटलं होतं, पूर सांगली-कोल्हापूरला येतो, कांजूरला कुठला यायचा?” हेही त्याने म्हटले असेल, परंतु त्या वाक्यात प्रश्न कुठे होता? आणि अर्जाचा नमुना इंग्रजीत होता, कोरा होता, मी खाली सही केली आणि वरचे त्याने घरी जाऊन भरले, हे मी बोलून दाखविल्यावर तो शांतपणे म्हणाला, “सही तुमचीच आहे ना?” त्या वाक्यावर मी जिना उतरलो. त्याच आठवड्यात सांगली-कोल्हापूरलाही कृष्णा-पंचगंगेचा पूर होता, म्हणजे बिचाऱ्याचे अर्धे भाकीत तंतोतंत खरे ठरले.

कंपनीच्या फोर्टमधील कचेरीतील अधिकारी सभ्य होते. त्यांनी चहा मागविला आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “खरं सांगू का, इकडे त्या दिवशी विशेष काही जाणवलंच नाही.” ते खोटे बोलत नव्हते. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७३. एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत. ज्यांच्या बुटांना त्या दिवशी चिखल लागला नाही अशांच्या टेबलावर आमच्या फायली जायच्या होत्या.

मी पुष्कळ विचार केला की त्या एजंटाने असे का करावे. हप्ता कमी झाला म्हणजे त्याचे कमिशनही कमीच झाले. तेव्हा लबाडी म्हणावी तर तीत लाभ नाही. त्याला फक्त मला खूष करायचे होते, गिऱ्हाईक टिकवायचे होते, आणि पूर ही गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर उभीच राहिली नव्हती. लबाडाने फसविले असते तर मी फिर्याद केली असती. आळशी सद्भावनेने बुडविलेल्या माणसाने कुठे जावे?

आता इतरांसाठी. कोऱ्या अर्जावर सही करू नका, हे सर्वच सांगतात; मी सांगतो की भरलेल्या अर्जाची प्रत त्याच क्षणी मागून घ्या, आणि पॉलिसी आली की ती शेवटून वाचावयास घ्या, कारण दिलेले मोठ्या अक्षरांत पुढे लिहिलेले असते आणि काढून घेतलेले मागे टाचणीला लटकत असते. हप्ता आदल्या वर्षापेक्षा कमी आला तर आनंद मानण्यापूर्वी, काय वगळले, हा एकच प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

मालाची किंमत कमी दाखवून विमा उतरविणाऱ्यांचे काय होते, ते मी शेजारच्या गाळ्यात पाहिले. त्यांच्या पॉलिसीत पूर शाबूत होता, म्हणून मला त्यांचा हेवा वाटे; परंतु माल सहा लाखांचा आणि विमा तीन लाखांचा असल्यामुळे सरासरीचे कलम लागले, आणि जेवढे नुकसान सिद्ध झाले त्याच्या निम्मेच हाती आले. शिवाय सर्व्हेअर यायच्या आधीच त्यांनी अर्धा माल पालिकेच्या ट्रकात टाकून दिला होता. दुर्गंधी सुटली होती, साथीची भीती होती, त्यांचे तरी काय चुकले? अशा वेळी निदान प्रत्येक जिन्नसाचा एकेक नमुना राखून ठेवा, टाकलेल्या मालाची वजनासह यादी करून तीवर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, भिंतीवरील रेघेशेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढा, आणि महसूल खात्याचा पंचनामा झाला की त्याची नक्कल मिळेपर्यंत पाठ सोडू नका. खरेदीची बिले छापखान्यात ठेवू नका. माझी तेथेच होती, आर्ट पेपरच्या रिमांजवळ, आणि आर्ट पेपर भिजून वाळला की पानांचे दगड होतात, त्यात बिलेही चिकटली.

यंत्राबद्दल मला कुणी सांगितले असते तर फार बरे झाले असते. पाणी ओसरल्यावर मोटार चालते का हे पाहण्याचा मोह आवरा. आमचे पाणी खाडीच्या भरतीने खारावलेले होते; तसे यंत्र आधी वाळू न देता गोड्या पाण्याने धुवावे, मग रॉकेलने, मग तेल द्यावे, आणि मोटार काढून वाइंडिंगवाल्याकडे द्यावी. मी आधी वाळू दिले. ट्रेडल वाचले, कारण ते लोखंडाचे आणि अडाणी होते. डॉमिनंटच्या बेअरिंगा आठवड्यात गंजल्या. मोरीच्या तोंडावर वाळूचे पोते ठेवण्याची सवय पुढे लागली ती कायमची. कागद जमिनीपासून चार फूट वर ठेवण्याचीही, जरी मशीनमन त्याबद्दल कुरकुरत असे.

बाकी पाणी उकळून प्या, पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका, आणि उतरावेच लागले तर डॉक्टरांना विचारा. त्या साली लेप्टोस्पायरोसिसने मुंबईत पुष्कळ माणसे दगावली. हे सर्वांना ठाऊक आहे आणि कुणी पाळीत नाही.

२०२१ च्या एप्रिलपासून लहान धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी निघाली असून तीत पूर मुळातच धरलेला आहे, आणि विमा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी रकमेचा असला तरी सरासरी लावीत नाहीत. त्याच वर्षी १८ जुलैच्या पहाटे विक्रोळीच्या सूर्यनगरात दरड कोसळली, भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी शिरले आणि आमच्या इस्टेटीत पुन्हा घोटाभर पाणी उभे राहिले. तेव्हा मी धंदा मुलाकडे सोपविलेला होता, आणि मोरीवर पोते होते.

तो एजंट एप्रिल २००६ मध्ये परत आला. नूतनीकरणाचा अर्ज घेऊन, जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने. मी त्याला हाकलणार होतो, परंतु बायको म्हणाली, “नवा माणूस नवी चूक करील. याच्याकडूनच नीट करून घ्या.” म्हणून मी त्याला छापखान्यात, रंग देताना मुद्दाम न पुसलेल्या त्या रेघेसमोरच्या स्टुलावर बसविले, आणि सर्व अर्ज ओळीओळीने मराठीत मोठ्याने वाचायला लावला. दीड तास लागला. महापुराच्या कलमापाशी तो जरा अडखळला, मग घसा खाकरून वाचला. चहा मी एकदाच दिला. निघताना धनादेश खिशात घालीत त्याने विचारले, “काका, आता तरी राग गेला ना?”

मी म्हटले, “आधी पावती दे.”