चरीचा संप आणि तुझे तीन सिद्धांत

मुरुड-जंजिरा,
जि. रायगड

चि. मनूस,


तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला. प्रकार्यवाद, संघर्षवाद आणि प्रतीकात्मक आंतरक्रियावाद पाठ्यपुस्तकात शेजारीशेजारी छापले आहेत, प्रत्येकाखाली गुण आणि मर्यादा दिल्या आहेत, पण यातला खरा कोणता हे कुणी सांगत नाही, असं तू लिहितेस. वर्गात मैत्रिणींनी आपापल्या बाजूही घेऊन टाकल्या आहेत. तू अजून घेतलेली नाहीस. घाई करू नकोस. हे सिद्धांत मांडणाऱ्यांनी मुळात विचारलं काय, ते आधी समजून घे आणि तेच प्रश्न आपल्या मुलखाला विचारून बघ. कुठला सिद्धांत कुठवर चालतो आणि कुठे अडतो, हे तुझं तुला कळेल.

दुर्खीमचा प्रश्न असा: इतकी माणसं एकत्र राहतात, ती विस्कटत का नाहीत? श्रमविभाजनावरच्या १८९३ सालच्या ग्रंथात त्याने एकीचे दोन प्रकार सांगितले. एक सारखेपणातून येते, दुसरी एकमेकांची गरज लागल्यामुळे. आपल्या बंदरावर दोन्ही आहेत. नारळी पौर्णिमेला अख्खा कोळीवाडा एक होऊन दर्याला नारळ वाहतो, ती पहिली. नाखवा, तांडेल, खलाशी आणि मासळी बाजारात नेणारी बाई यांचं एकमेकांवाचून चालत नाही, ती दुसरी. भर पावसाळ्यात होडी न लोटण्याची रीतही घे. आज ती १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी बंदी आहे, पण कोळी ती कायद्याच्या आधीपासून पाळत आले, आणि त्या काळात मासळीला विणायला उसंत मिळते. प्रकार्यवादी म्हणेल, रीत टिकली कारण ती समाजाच्या कामाची आहे.

इथे थांबायला शीक. कामाची आहे, पण कुणाच्या? बंदीचे दोन महिने होडीच्या मालकाला आणि रोजच्या वाट्यावर जगणाऱ्या खलाशाला सारखे जात नाहीत. टोपली घेऊन बाजार गाठणारी, भाव करणारी, घर चालवणारी बाई. होडी मात्र बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर. जिथे सगळं सुरळीत चाललेलं दिसतं, तिथे ते कुणाच्या पाठीवर चाललंय हे विचारायला शर्मिला रेग्यांसारख्या अभ्यासक स्त्रियांनी शिकवलं. अभ्यासक्रमात असो-नसो, त्यांचं लेखन वाच.

आता मार्क्स. त्याच्यासाठी मँचेस्टरला जायला नको, चरीला जा. आपल्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात, खारेपाटात हे गाव आहे. १९३३ साली तिथल्या आणि आसपासच्या मिळून २५ गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचं थांबवलं. पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई, वर वेठ आणि नाना तऱ्हेच्या वसुल्या. नारायण नागू पाटलांनी त्या संपाचं नेतृत्व केलं. तो १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षं भाताची खाचरं ओस ठेवून लोकांनी लाकूडफाटा विकला, खाडीतली मासळी धरली, उपास काढले. जमीन कुणाची, राबतो कोण आणि नेतो कोण, हा मार्क्सचा प्रश्न विचारल्याशिवाय या संपाचं एक पानही उलगडत नाही. खोत आणि कूळ मिळून गावगाडा चालवतात, असं सांगणाऱ्या सिद्धांताला तर चरीपुढे बोलताच येणार नाही.

पण मनू, संप का झाला हे कळलं तरी तो टिकला कसा, हा प्रश्न उरतोच. पिळवणूक सगळ्या कोकणपट्टीत होती. संप असा सगळीकडे झाला नाही. या गावांतली बहुतेक कुळं आगरी, एकमेकांच्या सोयऱ्याधायऱ्यांची. जो फुटेल त्याला उद्या त्याच माणसांत लग्नकार्य करायचं होतं. म्हणजे वर्गाची लढाई नात्यागोत्याच्या आणि जातीच्या बळावर उभी राहिली, आणि ती समजायला दुर्खीमकडे परत यावं लागतं. माझ्या मते चरीचा सगळ्यांत मोठा धडा हाच आहे. संघर्ष आणि एकी हे दोन धडे पुस्तकात वेगळे छापले आहेत. चरीची माणसं ते एकदमच जगली.

त्याच एकीची मर्यादाही बघ. एका जातीच्या आधाराने उभी राहिलेली चळवळ जातीबाहेर कशी न्यायची? डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत नेला. त्या मोर्चात कुणबी आणि महार एकत्र चालत होते. १९३९ मध्ये कूळ कायदा आला. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. तारखा मी मुद्दाम देते आहे, कारण परीक्षेत मुलं 'शोषण' हा शब्द लिहून मोकळी होतात. कुठली जमीन, कुठलं साल, कुठला कायदा, हे लिहिल्याशिवाय तो शब्द तू वापरू नयेस असं मला वाटतं.

वेबरचा धडा तुला जड गेला म्हणतेस. त्याचा अधिसत्तेचा विचार आपल्या किल्ल्यावरून समजून घे. माणसं हुकूम का मानतात? परंपरेमुळे, एखाद्याच्या विलक्षण व्यक्तित्वामुळे किंवा नियम-कायद्यामुळे. जंजिऱ्याच्या सिद्दींत सुरुवातीला बापामागून मुलगा असा पक्का नेम नव्हता. आरमारातल्या सरदारांमधून कर्तबगार माणूस पुढे येई. मग घराणं आलं, नवाब हा किताब आला, मुरुडला राजवाडा उठला. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि हुकूम मामलेदार कचेरीतून येऊ लागला. तिन्ही तऱ्हा एकाच खाडीच्या काठी. ते प्रकार शुद्ध स्वरूपात कुठेच सापडत नाहीत, हे वेबरने स्वतःच सांगितलंय. म्हणून राजवाडा म्हणजे परंपरा आणि कचेरी म्हणजे कायदा, अशी चिठ्ठी डकवून पुढे जाऊ नकोस.

आंतरक्रियावाद मी थोडक्यात उरकते. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसून किल्ल्यावर जाताना माहिती सांगणारा माणूस समोर कोण बसलंय ते बघून गोष्ट कशी बदलतो, ते ऐक. समोरच्याला बघून माणूस आपलं वागणं घडवतो, असं म्हणणारा गॉफमन लगेच समजेल.

ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले तो मुद्दा पुढेच आहे. तुझ्या पुस्तकात आंबेडकर शेवटी, 'भारतीय विचारवंत' या वेगळ्या प्रकरणात टाकलेत. तू त्यांना तिथे ठेवू नकोस. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातींवर निबंध वाचला, तेव्हा ते अवघे पंचविशीत होते. तो निबंध म्हणजे पुरता सिद्धांत आहे. जातीचं मर्म शिवाशिवीत किंवा धंद्यात नसून जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत आहे. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या त्या सक्तीला टिकवण्याच्या युक्त्या आहेत. आणि एका गटाने दार लावून घेतलं की बाकीचे त्याचं अनुकरण करतात.

हा सिद्धांत आपल्या किनाऱ्यावर लावून पाहा. बेने इस्रायली लोकांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले. ते घाणे चालवत, तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत; म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. रेवदंड्याला त्यांचं सिनेगॉग आहे, आणि जंजिरा संस्थानचा कारभारही काही काळ त्यांच्यातल्या माणसाकडे होता. आता बघ, आठवड्यातली एक दिवसाची कमाई पिढ्यान्‌पिढ्या कुणी का सोडावी? मार्क्सला हे अवघड जाईल, दुर्खीम आणि वेबर इथे मदतीला येतील. पण याच समाजात गोरे आणि काळे असे दोन गट पडले होते आणि त्यांच्यात सोयरीक होत नसे, ते कशाने? त्यांच्या धर्मग्रंथात जात नाही. शेजाऱ्यांत होती. आंबेडकर म्हणतात ते अनुकरण इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. जे उत्तर तिघा युरोपीय पंडितांकडून मिळत नाही, ते पंचविशीतल्या आपल्या माणसाकडून मिळतं.

म्हणून सवय लाव: कुठलाही सिद्धांत वाचलास की वहीत लिही, हा खरा असेल तर मुरुडात काय दिसायला हवं आणि काय दिसायला नको. जो सिद्धांत 'काय दिसायला नको' हे सांगूच शकत नाही, त्याच्यावर फार वेळ घालवू नकोस. आणि गुरूशी मतभेद झाला तर घाबरू नकोस. मालवणात जन्मलेल्या घुर्यांनी १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळला. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी आणि अ. रा. देसाईही. देसाई पक्के मार्क्सवादी झाले, घुर्ये कधीच झाले नाहीत.

दिवाळीत येशील तेव्हा एक काम कर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा तू शाळेत होतीस. आता वाडीवाल्याकडे जा आणि त्याच्या वाडीत मजुरीला जाणाऱ्या बाईकडेही जा. पहिल्या आठवड्यात कुणाच्या छपराला कोण धावलं, भरपाई कुणाच्या नावावर आली, नवीन पोफळ धरेपर्यंतची वर्षं कुणी कशी काढली, हे दोघांनाही विचार. बाईंकडे आधी जा, आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत उतरव. सिद्धांताचं नाव त्या वहीत पहिले आठ दिवस लिहू नकोस. मग आपण दोघी बसून वाचू.

घुर्यांचं जातीवरचं पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात असेल तर येताना घेऊन ये. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या