दाखल्यापाशी अडलेले संरक्षण

घरकामगारांच्या सामाजिक विम्याची चर्चा निघाली की कायदाच नाही, अशी तक्रार प्रथम ऐकू येते; महाराष्ट्रात मात्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 सालीच झाला असून 18 ते 60 वर्षे वयाच्या घरकामगाराला मंडळाकडे नोंदणी करता येते. अडते ते दाखल्यापाशी, म्हणजे ही व्यक्ती आमच्या घरी काम करते, असे मालकाने लिहून देण्यापाशी. प्रस्तुत लेखिकेकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे मनगट दुसऱ्या एका घरी ओल्या फरशीवर घसरून मोडले, तेव्हा त्या कुटुंबाने खाड्यांचे पैसे तर कापलेच, शिवाय दाखला मागायला गेलेल्या लेखिकेला ‘उद्या ही आमच्यावर दावा लावील, तुम्ही कशाला मध्ये पडता?’ असे दारातूनच सुनावले. ज्यांच्या हाती वर्षानुवर्षे घराची किल्ली निर्धास्तपणे दिली, त्यांचे नाव कागदावर लिहायची त्या कुटुंबाची तयारी नव्हती. हे अज्ञान नव्हे, हिशेब होता, आणि तो अन्यायाचाच होता.

हेच मनगट कारखान्यात मोडले असते, तर राज्य कामगार विमा योजनेतून, म्हणजे मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीवर चालणाऱ्या योजनेतून, उपचार आणि कामाविना गेलेल्या दिवसांसाठी वेतनाच्या 90 टक्के भरपाई मिळू शकली असती. परंतु ती योजना कारखाने व आस्थापनांसाठी आहे, खासगी घर तिच्यात बसत नाही. वर्षाला 20 रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांपुरतीच असल्याने बऱ्या होणाऱ्या हाडासाठी तिच्यातून काही मिळत नाही, हे खातेदाराला आधी कोणी सांगत नाही. तरीही ती घ्यावी, आणि मेअखेरीस हप्ता कापला जातो तेव्हा खात्यात शिल्लक ठेवावी.

दाखला अपघातानंतर मागू नये, कारण तेव्हा प्रत्येक घर सावध होते. तो काम सुरळीत चालू असतानाच, तारखेसह घ्यावा. नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नये, वारसाचे नाव नोंदवावे, कागदपत्रे जपून ठेवावीत. अनेक घरी काम असेल तर सर्वांत भल्या घरी आधी विचारावे.

ज्यांच्या घरी धुणीभांडी करायला कोणी येते, त्यांनी या महिन्याचा पगार देतानाच दाखल्यावर सही करून द्यावी.