एक करार, दोन संहिता : न्यूझीलंडमधील माओरी आणि इंग्रज

युरोपीय वसाहतींचा इतिहास वाचताना एक समज आपल्या मनात नकळत रुजतो. एका बाजूस बंदुका बाळगणारे प्रगत लोक, दुसऱ्या बाजूस भोळेभाबडे मूलनिवासी. तेव्हा जे घडले ते अटळच होते, असा तो समज. तो पारखून पाहावा म्हणून आम्ही या लेखात न्यूझीलंडमधील माओरी लोकांचा इतिहास अभ्यासासाठी घेतला आहे. माओरी भोळे नव्हते. त्यांनी आगंतुकांशी व्यापार केला, त्यांची लिपी आत्मसात केली आणि त्यांच्याशी लेखी करार केला. तरीही त्यांची भूमी गेली. ती कशी गेली, आणि पुढे त्याच कराराच्या आधारे त्यांनी काय परत मिळवले, हे समजून घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

पहिल्या भेटी

माओरींचे पूर्वज पूर्व पॉलिनेशियातून समुद्र ओलांडून सुमारे तेराव्या शतकात या बेटांवर स्थायिक झाले. १६४२ च्या डिसेंबरमध्ये डच दर्यावर्दी आबेल तास्मान याची जहाजे तेथे पोहोचली. किनाऱ्यावरील लोकांनी शिंगासारखे वाद्य फुंकले. डचांनी उत्तरादाखल आपली तुतारी वाजवली. माओरींच्या रीतीत तो ध्वनी बहुधा युद्धाचे आव्हान होता. दुसऱ्या दिवशी झालेल्या चकमकीत तास्मानचे चार खलाशी मारले गेले आणि किनाऱ्यावर पाऊल न ठेवताच तो निघून गेला.

१७६९ च्या ऑक्टोबरमध्ये जेम्स कुक आला. त्याच्यासोबत ताहितीजवळच्या बेटावरील तुपाइया हा विद्वान होता. त्याची भाषा माओरींना समजत असे, म्हणून संवाद शक्य झाला. तथापि तुपाइया बोलू लागण्यापूर्वीच, पहिल्याच दिवशी, कुकच्या माणसांनी ते मारो नावाच्या माओरी पुरुषास गोळी घालून ठार केले होते. या दोन्ही प्रसंगांत रक्तपाताच्या मुळाशी परस्परांचे संकेत न कळणे हे एक मोठे कारण होते.

त्यानंतर देवमासे आणि सील यांची शिकार करणारे, व्यापारी आणि मिशनरी येऊ लागले. संख्या माओरींची मोठी होती, त्यामुळे अटीही बहुधा त्यांच्याच चालत. होंगी हिका हा प्रमुख १८२० मध्ये इंग्लंडला गेला. केंब्रिजचे प्राध्यापक सॅम्युएल ली यांना माओरी भाषेचे व्याकरण सिद्ध करण्यास त्याने साहाय्य केले आणि परतताना सिडनीहून बंदुका आणल्या. त्या बंदुकांनी माओरी टोळ्यांमधील युद्धे अधिक संहारक झाली, हेही येथे नमूद केले पाहिजे. याच काळात वाचन-लेखन वेगाने पसरले. एकाने शिकावे आणि दुसऱ्यास शिकवावे, असा क्रम गावोगाव चालू झाला.

वाइतांगीचा करार

१८४० मध्ये न्यूझीलंडमध्ये सुमारे दोन हजार युरोपीय राहत होते. माओरींची संख्या त्यांच्या अनेक पटींनी अधिक होती. त्या वर्षी ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी विल्यम हॉब्सन करार करण्यासाठी आला. इंग्रजी मसुदा ४ फेब्रुवारीच्या दुपारी मिशनरी हेन्री विल्यम्स याच्या हाती देण्यात आला. त्याने व त्याच्या मुलाने एका रात्रीत त्याचे माओरीत भाषांतर केले. ५ तारखेस वाइतांगी येथे माओरी प्रमुखांनी दिवसभर चर्चा केली. अनेकांनी कडाडून विरोधही केला. ६ फेब्रुवारीस सह्या झाल्या. होने हेके याने प्रथम सही केली. पुढील काही महिन्यांत देशभर मिळून पाचशेहून अधिक सह्या झाल्या. त्यांत काही स्त्रियाही होत्या. इंग्रजी संहितेवर सह्या करणारे केवळ एकोणचाळीस होते. इतर सर्वांनी माओरी संहितेवर सह्या केल्या.

या दोन संहिता एकसारख्या नव्हत्या. इंग्रजी संहितेच्या पहिल्या कलमानुसार प्रमुखांनी आपले सार्वभौमत्व ब्रिटिश राणीस अर्पण केले. माओरी संहितेत त्या जागी ‘कावानातांगा’ हा शब्द आहे. ‘कावाना’ हे इंग्रजी ‘गव्हर्नर’चेच माओरी रूप, म्हणजे शब्दाचा अर्थ गव्हर्नरचा कारभार. दुसऱ्या कलमात इंग्रजी संहिता जमिनी, वने आणि मासेमारीच्या जागा यांच्या ताब्याची हमी देते. माओरी संहिता मात्र जमिनी, गावे आणि सर्व ‘ताओंगा’, म्हणजे मौल्यवान ठेवा, यांवर ‘तिनो रांगातिरातांगा’, अर्थात प्रमुखांचा संपूर्ण अधिकार, मान्य करते. माओरी प्रमुखांनी गव्हर्नरच्या देखरेखीस संमती दिली, परंतु स्वतःची सत्ता राखली, असाच त्या वाचनाचा अर्थ निघतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८३५ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेत सर्वोच्च सत्तेसाठी ‘माना’ हा शब्द योजला होता. त्या घोषणेचे माओरी रूपांतरही विल्यम्सनेच केले होते. कराराच्या पहिल्या कलमात त्याने तो शब्द वापरला नाही. ‘आपली माना द्या’ असे लिहिले असते, तर प्रमुखांनी सही केली असती काय, हा प्रश्न इतिहासकार आजही विचारतात.

भूमी कशी गेली

सह्या गोळा होत असतानाच, २१ मे १८४० रोजी, हॉब्सनने संपूर्ण देशावर ब्रिटिश सार्वभौमत्व जाहीर केले. पहिली सही करणाऱ्या होने हेकेचा लवकरच भ्रमनिरास झाला. त्याने ब्रिटिश निशाणाचा खांब पुनःपुन्हा तोडला आणि १८४५ मध्ये युद्ध भडकले. वसाहतवाल्यांचा ओघ वाढत गेला. १८५८ पर्यंत त्यांची संख्या माओरींहून अधिक झाली होती. १८६० च्या दशकात युद्धे झाली आणि १८६३ च्या कायद्यान्वये ‘बंडखोरां’च्या विस्तीर्ण जमिनी जप्त करण्यात आल्या. १८७७ मध्ये सरन्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी हा करार कायद्याच्या दृष्टीने शून्यवत ठरवला. कराराचे मूळ कागद सरकारी तळघरात पडून राहिले. १९०८ मध्ये ते सापडले, तेव्हा पाण्याने खराब झालेले व उंदरांनी कुरतडलेले होते.

याच काळात तारानाकी प्रांतातील पारिहाका गावाने निराळा मार्ग दाखवला. ते फिती आणि तोहू काकाही यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी शस्त्र न उचलता जप्त जमिनींवर नांगर चालवले. शेकडो नांगरकरी पकडले गेले. त्यांतील बहुतेकांना खटल्याविनाच तुरुंगात ठेवले. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे सोळाशे सशस्त्र जवान गावात शिरले. त्यांच्यासमोर गाणी गाणारी मुले आली. गावकऱ्यांनी त्यांना भाकरी देऊ केली. कोणी हात उगारला नाही. तरीही नेत्यांना अटक झाली, लोकांना हुसकून लावले आणि घरे पाडली गेली.

करार पुन्हा बोलू लागला

१८६७ च्या कायद्याने माओरी मुलांसाठी ज्या शाळा निघाल्या, त्यांत शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. पुढे शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भाषाच लोपते की काय, अशी भीती निर्माण झाली. १९७२ मध्ये शाळांत माओरी शिकवावी म्हणून तीस हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन संसदेस सादर झाले. १९७५ मध्ये वृद्ध फिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी वेलिंग्टनपर्यंत पदयात्रा निघाली. त्याच वर्षी वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले आणि १९८५ मध्ये त्यास १८४० पासूनच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार मिळाला.

त्या न्यायाधिकरणापुढे माओरींनी एक साधा युक्तिवाद केला. कराराच्या माओरी संहितेत ‘ताओंगा’च्या रक्षणाची हमी आहे, आमची भाषा हाही ताओंगाच आहे. १९८६ मध्ये न्यायाधिकरणाने तो मान्य केला आणि १९८७ मध्ये माओरी ही अधिकृत भाषा झाली. १९९५ मध्ये वाइकातो प्रदेशातील जप्तीबद्दल झालेल्या तडजोडीच्या कायद्यावर राणी दुसऱ्या एलिझाबेथने स्वतः सही केली. त्यात क्षमायाचनाही अंतर्भूत होती. सारे परत मिळाले असे नव्हे. गेलेल्या भूमीचा अल्प अंशच हाती आला. परंतु जो कागद शून्यवत ठरवला गेला होता, तोच न्यायाचा आधार झाला.

विद्यार्थिमित्रहो, या इतिहासातून आम्हांस दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली ही की, सही करण्यापूर्वी कागदावरील प्रत्येक शब्द समजून घेणे हा दुर्बलांचा मोठा बचाव आहे. त्यासाठी सत्तेची भाषा शिकलीच पाहिजे. दुसरी ही की, सत्तेची भाषा शिकताना स्वतःची भाषा टाकू नये. माओरींची बाजू शेवटी ज्या शब्दावर उभी राहिली, तो शब्द त्यांच्याच भाषेतला होता. आणि तो समजणारे लोक दीडशे वर्षांनंतरही शिल्लक होते, म्हणूनच तो त्यांच्या उपयोगी पडला. आपण घरून जी बोली घेऊन या विद्यालयात आला आहात, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.